तिसरीतले लिंबूटिंबू

खेळाच्या बाईंचा आवाज शाळेच्या फाटकापासून मागच्या नळापर्यंत स्वच्छ ऐकू जायचा, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. असणारच! अर्धं आयुष्य मैदानावर उभं राहून कमावलेला आवाज होता तो. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट आणि उजव्या गुडघ्याला घट्ट पट्टा. गुडघा सोडला तर बाकी सगळा माल शाबूत आहे, असं त्या स्वतःच सांगायच्या. पण इंग्रजीचं नाव काढा, की या एवढ्या खणखणीत बाईची बोलती बंद. दुकानात कुणी इंग्रजीत विचारलं, तर या हसून मान डोलवायच्या आणि नको ती वस्तू घेऊन घरी यायच्या. नवरा शिंपी होता. तो मशीनवरून मान वर करून म्हणायचा, "काय हे, आज पण मान डोलवलीस वाटतं?"

तर अशा बाईंच्या नशिबात तिसरीचं इंग्रजी आलं.

झालं असं, की शाळेची नवी इमारत उठली आणि मैदानाचा मोठा तुकडा गिळून बसली. मैदानच उरलं नाही म्हटल्यावर खेळाचे तास निम्म्यावर आले. त्याच सुमाराला तिसरीला इंग्रजी शिकवणाऱ्या बाई नोकरी सोडून गेल्या. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, खेळाच्या बाईंना बोलावून घेतलं. मोठ्या बाई वाईट नव्हत्या, पण गोड बोलण्यात वेळ घालवत नसत.

"दोन कामं आहेत," त्या म्हणाल्या. "तिसरीचं इंग्रजी, नाहीतर भांडार. इंग्रजी म्हणजे नुसते शब्द. वर्षाअखेर मुलांना आजूबाजूच्या वस्तूंची नावं यायला हवीत. झेपत नसेल तर भांडार घ्या, त्रास नाही."

भांडार म्हणजे जिन्याखालची खोली. खडू, फडके, मोडकी बाकं, आणि दार उघडलं की उंदीर. निवृत्त व्हायला अजून बरीच वर्षं होती, आणि ती सगळी वर्षं एकही मूल जिथे फिरकत नाही अशा खोलीत काढायची, हा नुसता विचारही बाईंना सहन होईना.

"इंग्रजी," त्या म्हणाल्या.

"येतं?"

"येईल."

पहिला आठवडा त्यांनी पुस्तक धरून शिकवलं. त्या म्हणायच्या 'विंडो', मुलं म्हणायची 'विंडो'. त्या म्हणायच्या 'फ्लोअर', मुलं म्हणायची 'फ्लोअर'. दहा मिनिटांत निम्मा वर्ग पेंगायला लागायचा. खरं सांगायचं तर बाईंनाही जांभया यायच्या. शेवटी एके दिवशी त्यांनी पुस्तक टेबलावर आपटलं आणि म्हणाल्या, "उठा रे! हे काही आपल्याला जमायचं नाही. बाहेर चला."

उरलेल्या मैदानावर त्यांनी चुन्यानं दोन रेषा मारल्या आणि वर्गाचे दोन संघ केले. मधोमध एक भलीमोठी कापडी पिशवी ठेवली. पिशवीत चमचा, साबण, कात्री, कुलूप, कंगवा असं काहीबाही. शिट्टी वाजली, की प्रत्येक संघातला एकेक जण धावत येणार, न बघता पिशवीत हात घालणार, जी वस्तू हाताला लागेल तिचं इंग्रजी नाव सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडणार आणि वस्तू आपल्या संघाच्या टोपलीत टाकून परत पळणार. नाव चुकलं, तर वस्तू परत पिशवीत, आणि त्या एकट्याला नाही, त्याच्या अख्ख्या संघाला मैदानाभोवती एक फेरी. तीही मुकाट्यानं नाही. चुकलेल्या शब्दाऐवजी बरोबर शब्द ओरडत. 'सोप! सोप! सोप!' करत सगळा संघ पळायचा, आणि फेरी संपल्यावर तो शब्द कुणी विसरायचं नाव घेत नसे. मैदानावरची शिस्त बाईंनी इंग्रजीला लावली, एवढंच. पण काय रंगला तो खेळ! मुलं सुट्टीची घंटा झाली तरी हटेनात. शेजारच्या वर्गाची खिडकी धाडकन बंद झाली, तिकडे कुणी लक्षही दिलं नाही.

तासाच्या आदल्या दिवशी बाई घरी शब्द पाठ करायच्या. नवरा शर्टाला काजं करता करता वस्तूंची नावं घ्यायचा, या इंग्रजी शब्द सांगायच्या. पिशवीत काय जाणार ते बाईच ठरवायच्या, त्यामुळे अडचण काहीच नव्हती.

आता चूक कुठे झाली ते सांगायला हवं. वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे गोगलगाय म्हणायचे. चालणं हळू, बोलणं त्याहून हळू. पिशवीतून वस्तू काढली, की ती नुसती बघत उभी राहायची आणि तिच्यामुळे संघाला फेऱ्यांवर फेऱ्या. त्या संघाची पुढारी होती तोफ. आवाज तसा म्हणून नाव तसं. दोन-तीन दिवस सोसल्यावर तोफेनं कमरेवर हात ठेवून जाहीर केलं, "बाई, गोगलगाय लिंबूटिंबू! तिचं धरायचं नाही!"

लिंबूटिंबू म्हणजे काय ते कुणाला सांगायला नको. गल्लीतल्या खेळात धाकट्या भावंडाला घ्यावंच लागतं, आई दारात उभी असते ना! मग त्याला पळू द्यायचं, ओरडू द्यायचं, पण त्याचा डाव धरायचा नाही. तो कधी आऊट होत नाही, रडत घरी जात नाही, सगळे खूश. बाईंनी आयुष्यभर मैदानावर हेच पाहिलं होतं. त्यांना ते बरंच वाटलं. "चालेल," त्या म्हणाल्या. "पोर तरी कोमेजायची नाही."

झालं! तिथेच घात झाला. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या संघानं म्हटलं, मग आमचाही एक लिंबूटिंबू. मग कुणी अडखळलं की लिंबूटिंबू, कुणाचा शब्द दोनदा चुकला की लिंबूटिंबू. काही बेरकी पोरं तर आपणहून हात वर करून लिंबूटिंबू झाली. पाठ करायची कटकट नाही, फेरी नाही, नुसतं पळायचं आणि दात काढायचे. हां हां म्हणता वर्गाचा तिसरा हिस्सा लिंबूटिंबू होऊन बसला, आणि बाई शिट्टी वाजवत समाधानानं उभ्या! खेळात गोंगाट आहे, हसू आहे, म्हणजे सगळं ठीक आहे, असं त्यांना वाटत होतं.

एके दिवशी मोठ्या बाई न सांगता वर्गात आल्या. त्यांनी समोरच्या वस्तू दाखवत एकेकाला उठवलं. तोफेनं आणि तिच्यासारख्यांनी धडाधड उत्तरं दिली. बाईंची छाती फुगली. मग मोठ्या बाईंनी गोगलगायीला उठवलं. बादली दाखवली. गप्प. खिडकी दाखवली. गप्प. तिच्या मागच्याला उठवलं, तोही गप्प. एकामागून एक सगळे लिंबूटिंबू उभे राहिले आणि खाली मान घालून उभेच राहिले. चुकीचं सुद्धा कुणी बोललं नाही.

मोठ्या बाईंनी खेळाच्या बाईंना व्हरांड्यात नेलं. "ज्यांना येत होतं त्यांनाच तुम्ही शिकवलंत," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांची करमणूक केलीत. मी महिनाअखेरीस पुन्हा येईन. आज जे गप्प बसले त्यांनाच उठवीन. तेव्हाही ते असेच गप्प राहिले, तर तास काढून घेईन. भांडाराची किल्ली माझ्याकडेच आहे."

तोंडात मारल्यासारखं झालं बाईंना. राग आला, तोही स्वतःचाच. कारण मोठ्या बाई खरं बोलल्या होत्या. ज्याचं धरत नाहीत त्याला शब्द ओरडायची गरज नाही, फेरी मारायची गरज नाही. मग त्याला येणार कुठून? दयाबुद्धीनं आपण त्या पोरांना खेळात ठेवून खेळाबाहेर काढलं, हे बाईंना कळलं आणि त्यांना अक्षरशः रडू आलं. रडून झाल्यावर त्यांनी तोंड धुतलं आणि कंबर कसली.

दुसऱ्या दिवशी मैदानावर त्यांनी हुकूम सोडला, "आजपासून लिंबूटिंबू बंद! सगळ्यांचं धरायचं."

अरे देवा! काय गहजब झाला! तोफ म्हणाली हा अन्याय आहे. दुसऱ्या संघाचा पुढारी म्हणाला आम्ही खेळतच नाही. आणि लिंबूटिंबू? ते तर जागचे हलेनात. गोगलगाय रेषेवर बसली ती बसलीच. बाईंनी समजावलं, चुचकारलं, शेवटी आवाज चढवला. आवाज चढवल्यावर तिनं दोन्ही हातांनी कान झाकले. तो तास तसाच गेला, आणि पुढचेही दोन-तीन. बाईंनी हात टेकायचेच बाकी ठेवले होते.

त्याच आठवड्यात नवऱ्यानं त्यांना एक गाठोडं दिलं. उरलेल्या कापडांतून त्यानं दोन्ही संघांसाठी बिनबाह्यांची जाकिटं शिवली होती, निळी आणि पिवळी. बाईंनी मोजून बघितली, तर निळ्यांत एक अवाढव्य जाकीट निघालं.

"अहो, हे कुणाच्या मापाचं शिवलंत? तिसरीतली पोरं आहेत, पैलवान नाहीत!"

"तुझ्या मापाचं आहे," नवरा म्हणाला. "एका बाजूला एक पोर कमी पडतं, असं तूच म्हणाली होतीस ना? मला वाटलं, तिथे तू खेळतेस."

"मी कशाला खेळू? मी शिट्टी वाजवते."

"मग खेळाच्या बाई कसल्या तुम्ही?" तो दोरा दातांनी तोडत हसला. "बरं आहे बुवा. पिशवीत काय आहे ते तुलाच ठाऊक, शब्द तुलाच पाठ, आणि चुकायची पाळी पोरांवर."

तो थट्टेनंच बोलला होता. पण बाई ते जाकीट हातात घेऊन तशाच खाली बसल्या. खरंच की! एवढ्या दिवसांत आपण एकदाही रेषेवर उभ्या राहिलो नाही. त्या पिशवीत आपण हात घातला असता आणि आत आपल्याला न येणारी वस्तू असती तर? मोठ्या बाईंच्या समोर, पोरांच्या समोर, तोंड उघडून चुकायचं? नुसत्या कल्पनेनं त्यांचे कान तापले. दुकानात मान डोलवणारी बाई होती ना ती! आजवर इंग्रजीत कुणी आपलं धरू नये म्हणूनच तर मान डोलवत आलो. गोगलगाय गप्प उभी राहते, आपण हसून उभ्या राहतो, फरक तेवढाच.

"इकडे द्या ते," त्या म्हणाल्या आणि जाकीट अंगात चढवून पाहिलं. पोटावर जरा घट्ट होतं. नवरा टेप घेऊन उठला, तर म्हणाल्या, "राहू द्या. चालेल."

सोमवारी त्यांनी पिशवी रिकामी करून वर्गात ठेवली. "वस्तू तुम्ही घरून आणायच्या. मला दाखवायच्या नाहीत. ज्याची वस्तू, त्यानं तिचं इंग्रजी नाव कुणालाही विचारून, शोधून आणायचं. ती वस्तू निघाली की तोच पंच. आणि निळ्या संघात मी खेळणार."

"तुम्ही?" तोफ किंचाळली. तिचाच संघ होता तो. "पण तुमचा गुडघा?"

"गुडघ्याला इंग्रजी बोलायचं नाहीये."

बुधवारी पिशवी फुगली. शिट्टी एका मुलाच्या गळ्यात गेली. बाई निळं जाकीट घालून रांगेत शेवटी उभ्या राहिल्या. त्यांची पाळी आली, लंगडत धावल्या आणि पिशवीत हात घातला. हाताला लागली चाळणी. रोज सकाळी जिला हात लावतो ती चाळणी! आणि शब्द काही केल्या येईना. मुलं श्वास रोखून बघत होती. हसून मान डोलवावी आणि परत जावं, असं त्यांना फार वाटलं. पण त्यांनी तोंड उघडलं आणि मैदानभर ऐकू जाईल अशा आवाजात ठोकून दिलं, "नेट!"

"कुणाची चाळणी?" शिट्टीवाल्यानं विचारलं.

गोगलगाय उभी राहिली. चाळणी तिची होती. तिनं बाईंकडे पाहिलं, मग स्वतःच्या चपलांकडे. बाईंना वाटलं, ही आता गप्प राहणार. पण वस्तू तिची होती, आणि नाव तिनं ग्रंथालयातल्या ताईंना विचारून आणलं होतं.

"नाही," ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं, "सिव्ह."

काय हशा पिकला म्हणता! बाई चुकल्या, बाई चुकल्या, करत पिवळा संघ नाचायला लागला. तोफेनं कपाळाला हात लावला, आणि मग तिला बाईंची दया आली. "जाऊ दे रे," ती म्हणाली. "बाई लिंबूटिंबू. त्यांचं धरायचं नाही."

"खबरदार!" बाई गरजल्या. "माझं धरायचं. चला, फेरी!"

आणि अख्खा निळा संघ पळाला, 'सिव्ह! सिव्ह!' करत. बाई सगळ्यांत मागे, एक पाय ओढत, लालबुंद होऊन, पण आवाज सगळ्यांत मोठा. नव्या इमारतीच्या खिडक्यांतून माणसं डोकावली. गणिताचे सर हातातला खडू विसरून बघत राहिले. बघू देत, बाई मनात म्हणाल्या. फेरी संपली तेव्हा त्या धापा टाकत होत्या आणि त्यांना अंगावरून ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. चुकलो, पळालो, शब्द आला, संपलं! कुणी मेलं नाही.

त्यानंतर लिंबूटिंबू हळूहळू रेषेवर उभे राहायला लागले. सगळे एकदम नाही. एक बेरकी पोरगा आधी आला, कारण बाईंपेक्षा आपण कमी चुकतो हे त्याच्या लक्षात आलं. मग त्याचा दोस्त. बाई रोज चुकायच्या, रोज पळायच्या, घरी येऊन गुडघा शेकायच्या. गोगलगाय पंच म्हणून बोलायची, रेषेवरही उभी राहायची; पण स्वतःची पाळी आली की येत असेल ते कसंबसं पुटपुटायची आणि येत नसेल तिथे अजून गप्पच. बाईंनी तिच्यावर ओरडणं सोडून दिलं होतं. आशा मात्र सोडली नव्हती.

महिनाअखेर आली. मोठ्या बाई मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसल्या. गेल्या खेपेला गप्प राहिलेली पोरं त्यांना बरोबर लक्षात होती. एकेकाला नाव घेऊन त्या पुढे बोलवत होत्या. पोरं पिशवीत हात घालत होती, काही बरोबर सांगत होती, काही चुकत होती आणि संघाला घेऊन पळत होती. मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नव्हती. शेवटी त्यांनी गोगलगायीला बोलावलं.

तोपर्यंत पिवळ्यांच्या टोपलीत एकच वस्तू जास्त होती आणि हीच शेवटची पाळी होती. गोगलगाय धावली, म्हणजे तिच्या मानानं धावलीच. पिशवीतून तिनं नरसाळं काढलं आणि बघत उभी राहिली. तिला येत नव्हतं. बाईंना ते लांबून कळलं, कारण बाईंनाही येत नव्हतं. जिन्याखालची ती खोली त्यांना समोर दिसायला लागली.

तोफेलाही कळलं. भांडाराची गोष्ट पोरांपासून काही लपून राहिली नव्हती. ती रांग सोडून पुढे आली आणि मोठ्या बाईंना म्हणाली, "मोठ्या बाई, ती लिंबूटिंबू आहे. तिचं धरू नका ना. दुसऱ्या कुणाला तरी बोलवा."

मोठ्या बाईंनी खेळाच्या बाईंकडे पाहिलं. एक 'हो' म्हटलं असतं तर वेळ निभावली असती. बाई काही बोलणार, एवढ्यात गोगलगाय तोफेकडे वळली. तिचे डोळे भरले होते आणि ती संतापली होती. आजवर तिला संतापलेलं कुणी पाहिलंच नव्हतं.

"मी नाही लिंबूटिंबू!" ती ओरडली. "माझं धरा!" आणि नरसाळं डोक्यावर उंच धरून, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाली, "बॉटल!"

"चूक!" नरसाळं आणणारा पिवळ्या संघातला मुलगा ओरडला. "फनेल!"

पिवळ्यांनी जल्लोष केला. निळे हरले होते. गोगलगायीनं नरसाळं पिशवीत टाकलं, डोळे पुसले आणि कुणाची वाट न बघता पळत सुटली. 'फनेल! फनेल!' करत. तिच्या मागोमाग तोफ, तोफेच्या मागोमाग निळ्या संघातली सगळी पोरं. पुढे गोगलगाय आणि मागे तोफ, असं यापूर्वी कधी घडलं नव्हतं.

निळं जाकीट घातलेल्या बाई मात्र जागच्या जागी उभ्या होत्या. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"चुकीचं सांगितलं तिनं," मोठ्या बाई म्हणाल्या.

"हो," बाई म्हणाल्या. "पण सांगितलं."

मोठ्या बाईंनी त्या पळणाऱ्या रांगेवरून नजर फिरवली. मग खुर्चीवरून उठल्या. "तास तुमच्याकडेच राहील," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षीचाही. फक्त आवाजाचं काहीतरी बघा, खिडक्यांतून येणाऱ्या गोंगाटात बाकीच्या वर्गांना शिकवलेलं ऐकू येत नाही." अजूनही त्या काहीतरी सांगत होत्या, पण बाईंचं लक्ष उडालं होतं. कारण मैदानाच्या पलीकडच्या कोपऱ्यावर रांग थांबली होती आणि गोगलगाय तिथून दोन्ही हात हलवत होती. संपूर्ण संघ पळाल्याशिवाय फेरी पुरी होत नाही, हा नियम बाईंनी स्वतःच केला होता.

"बाई!" ती गळा ताणून ओरडली. "उभ्या काय राहिलात? पळा! तुमचंपण धरलंय!"